किल्ली कोणाच्या खिशात?

गणपती विसर्जन झालं की बडोद्यात दोन कामांची घाई सुरू होते. नवरात्रीच्या चणिया-चोळी शिवणाऱ्यांकडे गर्दी वाढते, आणि फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या घरांत यंदा भाजणी किती किलोची करायची याचा हिशेब मांडला जातो. याच दिवसांत घरातल्या विशीतल्या मुलामुलींना एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : "अरे, तुला त्या कॉम्प्युटरचं सगळं कळतं ना? मग आपली एक वेबसाइट करून दे की!"

या सदरात मी एरवी दुकानदारांशी, क्लासवाल्यांशी आणि घरून व्यवसाय करणाऱ्यांशी बोलते. आज त्यांच्या भाच्या-पुतण्यांशी आणि लेकी-सुनांशी बोलायचं आहे, कारण काम शेवटी तुमच्याच गळ्यात पडतं. साइट बनवणं हा त्यातला सोपा भाग आहे. तयार साचे मिळतात, एखाद्या रविवारी दुपारी काम होऊन जातं. खरी परीक्षा पुढे असते. तुम्ही नोकरीसाठी पुण्याला, बंगळूरला किंवा कॅनडाला जाता, आणि मागे राहिलेल्या काकूंना साइटवरचा चकलीचा भावसुद्धा बदलता येत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका घरात याहून वाईट झालं. काकू पंचवीस वर्षं फराळ आणि उकडीचे मोदक करून देतात. पुतण्याने इंजिनिअरिंगला असताना त्यांना छान साइट करून दिली. साइटचं नाव त्याने स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर घेतलं. पुढे तो परदेशी गेला, कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांचे ईमेल बंद केले, आणि 'मुदत संपत आहे, पैसे भरा' अशी पत्रं त्या बंद ईमेलवर जात राहिली. मुदत संपली. काही महिन्यांनी ते नाव दुसऱ्याच कोणीतरी विकत घेतलं, आणि काकूंच्या डब्यावर छापलेला पत्ता टाइप केला की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसायला लागली. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले, "काकू, हे काय सुरू केलंत?" दोन हंगाम काकू छापील डब्यांवरच्या त्या ओळीवर कोरी पट्टी चिकटवत बसल्या.

पुतण्याने वाईट काहीच केलं नव्हतं. मनापासून केलं, फुकट केलं, चांगलं केलं. फक्त किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून तो विमानात बसला. म्हणून आज सगळं या एका गोष्टीभोवती सांगते : साइट तुम्ही करा, पण ती मालकाच्या नावावर करा, आणि मालकाला तुमच्याशिवाय चालवता येईल अशी करा.

नाव, जागा आणि पाटी

वेबसाइट म्हणजे एकच वस्तू आहे असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या तीन वेगळ्या ठिकाणी असू शकतात. पहिली, नाव. म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इन असलेला पत्ता. दुसरी, जागा. म्हणजे ज्या कंपनीच्या संगणकावर तुमची पानं ठेवलेली असतात. तिसरी, पाटी. म्हणजे त्या पानांवरचा मजकूर आणि फोटो.

जागा बदलता येते, पाटी पुन्हा रंगवता येते. नाव गेलं तर मात्र परत मिळेलच असं नाही, म्हणून सगळ्यात जास्त काळजी नावाची. नाव विकत घेत नाही आपण, ठरावीक वर्षांसाठी नोंदवतो. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांची नोंदणी करता येते. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्याच पैशांत ते परत घेता येतं. त्यानंतर डॉट कॉमच्या बाबतीत 30 दिवसांचा एक काळ असतो, त्यात जादा पैसे भरून सोडवता येतं. तेही दिवस गेले की नाव बाजारात मोकळं, ज्याने आधी हात घातला त्याचं.

तेव्हा नाव नोंदवताना एवढं करा. मालक म्हणून काकूंचं किंवा त्यांच्या व्यवसायाचं नाव द्या, तुमचं नको. फोन नंबर त्यांचा द्या. व्यवसायासाठी एक वेगळा ईमेल उघडा, तो त्यांच्याच फोनमध्ये चालू ठेवा, आणि महिन्यातून एकदा तरी उघडायला सांगा. गूगलने डिसेंबर 2023 पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे, त्यामुळे 'उघडून ठेवलाय, कधीतरी लागेल' असा ईमेल भरवशाचा नाही. एका वर्षाऐवजी तीन किंवा पाच वर्षांची नोंदणी करा. पैसे आपोआप कापले जातील असं धरून बसू नका. कार्डाची मुदत संपते, बँक बदलते, परवानगी रद्द होते, आणि आपल्याला कळतसुद्धा नाही.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते. त्या वहीच्या पहिल्या पानावर साइटच्या नावाची मुदत लिहून ठेवा. पूजा मांडताना वर्षातून एकदा ती तारीख डोळ्यांखालून जाईल. फोनमधल्या आठवणीपेक्षा ही आठवण आपल्या घरांत जास्त टिकते, हा माझा अनुभव आहे.

शिवाय एक लिफाफा करा. त्यात एका कागदावर लिहा : नाव कोणत्या कंपनीकडून घेतलं, जागा कोणत्या कंपनीची आहे, खातं कोणत्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो. पासवर्डही त्यातच. गूगलच्या खात्याला दुहेरी सुरक्षा लावली की अडीअडचणीसाठी 10 राखीव कोड मिळतात, प्रत्येक 8 आकडी. ते छापून त्याच लिफाफ्यात घाला. फोन हरवला, पाण्यात पडला, तर हेच कोड कामाला येतात. लिफाफा बंद करून कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या शेजारी. दुकानाची भाडेपावती जिथे असते तिथेच याची जागा.

भाड्याची जागा कधीही रिकामी करावी लागते

"वेबसाइट कशाला? इन्स्टाग्रामवर पान आहे की," असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. पान जरूर असू द्या. गिऱ्हाईक जिथे फिरतं तिथे आपण दिसायलाच हवं. पण ती जत्रेतली टपरी आहे हे विसरू नका. जत्रा उठली की टपरी उठते.

ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. तुमच्यातल्या काहींना ते नावही आठवणार नाही. टिकटॉकवर भारतात 29 जून 2020 ला बंदी आली, तेव्हा ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथेच होतं त्यांच्याकडे त्या माणसांचे फोन नंबरसुद्धा उरले नाहीत. गूगल आपल्या व्यवसाय-नोंदीबरोबर एक छोटी फुकट वेबसाइट देत असे. कितीतरी छोट्या दुकानांनी तीच वापरली. मार्च 2024 मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांचं नाव स्वतःचं होतं त्यांनी ते दुसऱ्या जागेवर वळवलं. ज्यांच्या छापील कार्डावर गूगलने दिलेला पत्ता होता, त्यांची कार्डं रद्दीत गेली.

कार्डावर, डब्यावर, पाटीवर छापायचा पत्ता स्वतःचा असावा, तो यासाठी. मग त्या पत्त्यावर भलीमोठी साइट असलीच पाहिजे असं नाही. एक पान पुरतं. वर्षातून दोन महिने चालणाऱ्या फराळाला किंवा दहा-बारा मुलांच्या तबल्याच्या क्लासला याहून जास्त लागतच नाही. वेबसाइट करून देणारा कोणी तुम्हाला दहा पानांचं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर त्या दहा पानांवर काय लिहायचं ते आधी कागदावर लिहून बघा. बहुतेक वेळा दुसऱ्या पानावरच मजकूर संपतो.

गूगलच्या नकाशावरची नोंद मात्र आवर्जून करा. ती फुकट आहे, आणि नवीन गिऱ्हाईक बऱ्याचदा पहिल्यांदा तीच बघतं. तिथेही नियम तोच. मुख्य मालक म्हणून काकूंचं खातं, तुमचं खातं व्यवस्थापक म्हणून. दोन्ही भूमिका तिथे वेगवेगळ्या देता येतात.

चकली की चकरी?

आता पाटीवर काय लिहायचं? माझ्या मते इथे आपण बडोदेकर एक साधी गोष्ट विसरतो. आपलं गिऱ्हाईक फक्त मराठी नाही. आपण ज्याला चकली म्हणतो तिला गुजरातीत चकरी म्हणतात. गुजरातीतली चकली म्हणजे चिमणी! आपली करंजी शेजारच्या घरी घूघरा असते, शंकरपाळे शक्करपारा होतात आणि चिवड्याचा चेवडो होतो. घूघरा शोधणाऱ्या बाईंना करंजीचं पान सापडणार कसं?

म्हणून प्रत्येक पदार्थाचं नाव एकदा मराठीत, एकदा गुजरातीत आणि एकदा रोमन लिपीत लिहा. बहुतेक माणसं फोनवर रोमन लिपीतच टाइप करतात, आपली अमेरिकेतली नातवंडं तर नक्कीच. संपूर्ण साइट तीन भाषांत करायची गरज नाही. नावं तिन्ही प्रकारे, आणि मजकूर तुमचं जास्त गिऱ्हाईक जी भाषा वाचतं त्या भाषेत. अनारसे हा शब्द मात्र तसाच ठेवा आणि त्याखाली एक ओळ लिहा : तांदळाचं पीठ, गूळ, वरून खसखस. ज्याने कधी खाल्ले नाहीत त्यालाही कळेल.

हेच इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव इथल्या वाचकांनाही लागू आहे. तुमच्या शेजाऱ्यांच्या भाषेत त्या वस्तूला काय म्हणतात ते शेजाऱ्यांनाच विचारा. शब्दकोश किंवा भाषांतराचं यंत्र इथे फसतं, चकलीची चिमणी होते.

लिहिताना युनिकोडमध्ये लिहा. छापखान्याकडून जुनं पत्रक मागवलंत तर ते बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतं. ते उचलून साइटवर चिकटवलं की अक्षरांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो. पुन्हा टाइप करावं लागतं. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय आता मराठीत बरी चालते, काकूंना बोलायला लावा आणि तुम्ही चुका दुरुस्त करा.

आणि सगळा मजकूर एका रंगीत चित्रात घालून ते चित्र साइटवर टाकू नका. देवीचा फोटो, झेंडूची तोरणं, मध्ये भावपत्रक, असं चित्र व्हॉट्सॲपवर शुभेच्छा म्हणून ठीक. पण त्यातला फोन नंबर दाबून फोन लागत नाही, पत्ता उचलून नकाशात टाकता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन चित्रातलं वाचून दाखवेलच असं नाही. नंबर अक्षरांतच लिहा, आणि दाबला की फोन लागेल अशी सोय करा. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो दोन-तीनशे केबीवर आणूनच चढवा. आजीच्या जुन्या फोनवर पान उघडतंय का ते बघा. तिथे उघडलं तर सगळीकडे उघडेल.

गिऱ्हाईक जे विचारतं तेच लिहा

'परंपरा, चव आणि गुणवत्ता यांचा त्रिवेणी संगम' हे वाक्य मी इतक्या साइटवर वाचलंय, की आता त्या संगमात डुबकी मारायचीही इच्छा उरली नाही. ते वाचून कोणी ऑर्डर देत नाही. एक काम करा. एक दिवस काकूंच्या शेजारी बसा आणि फोनवर गिऱ्हाईक काय विचारतं ते वहीत उतरवा. संध्याकाळपर्यंत तुमच्या साइटचा मजकूर तयार असेल.

फराळाच्या घरात हे प्रश्न असे असतात : कोणत्या तेलात तळता, सिंगतेल की कपासिया? कांदा-लसूण आहे का? कमीत कमी किती घ्यावं लागतं? किती दिवस टिकतं? घरपोच देता का? ऑर्डर कधीपर्यंत द्यायची? पैसे आधी की नंतर? क्लासच्या घरात प्रश्न वेगळे, शिवणकामाच्या घरात आणखी वेगळे. ज्याचे त्याने लिहून घ्यावेत.

मग उत्तरं अशी लिहा : "भाजणीची चकली. शेंगदाणा तेलात तळलेली, कांदा-लसूण नाही. अर्धा किलो आणि एक किलोची पाकिटं. हवाबंद डब्यात तीन आठवडे कुरकुरीत राहते. दिवाळीच्या ऑर्डरी वसुबारसेच्या आठ दिवस आधीपर्यंत घेतो. निम्मे पैसे आधी. माल घरून न्यावा, सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8. रविवारी संध्याकाळी बंद." अर्थात तेल, दिवस, वेळा तुमच्या घरच्या खऱ्या असतील त्याच घाला. यात एकही विशेषण नाही, पण वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळतं.

भाव लिहायचे का? लिहा, पण 'अमुक तारखेपासून' असं लिहूनच. मागच्या वर्षीचा भाव साइटवर राहिला तर फोनवर रोज वाद होतात, आणि काकू शेवटी कंटाळून जुन्याच भावाला देऊन टाकतात. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर लिहा. अनोळखी माणसाला विश्वास वाटण्यासाठी तो आकडा आणि स्वयंपाकघराचा एक खरा, स्वच्छ फोटो पुरेसा आहे. इंटरनेटवरून उचललेला दुसऱ्याच्या लाडवांचा फोटो तर अजिबात नको. डबा उघडल्यावर लाडू वेगळे निघाले, की पहिल्याच खेपेला विश्वास जातो.

उत्तर वेळेवर आणि नेमकं

साइट बघून माणूस शेवटी व्हॉट्सॲपवरच येतो. व्हॉट्सॲपचं व्यवसायासाठीचं वेगळं ॲप भारतात जानेवारी 2018 पासून आहे आणि फुकट आहे, तरी कितीतरी घरांत अजून साधंच ॲप वापरतात. या ॲपमध्ये दुकानाच्या वेळा, पदार्थांची यादी, नेहमीची तयार उत्तरं आणि ऑर्डरींवर लावायच्या रंगीत खुणा, हे सगळं मिळतं. कोणी पहिल्यांदा किंवा 14 दिवसांनंतर मेसेज केला, की स्वागताचा मजकूर आपोआप जातो. त्यात नुसतं 'नमस्कार, आपले स्वागत आहे' लिहू नका. 'आमचं उत्तर संध्याकाळी 7 पर्यंत येईल, घाई असेल तर फोन करा' असं काहीतरी उपयोगाचं लिहा.

अनेकांना माहीत नसलेली एक सोय सांगते. हे ॲप जुन्या लँडलाइन नंबरवरही चालतं. नोंदणी करताना ओटीपी मेसेजऐवजी फोन करून सांगायला लावायचा. ज्या दुकानाचा लँडलाइन नंबर तीस वर्षं गिऱ्हाइकांना पाठ आहे, त्यांनी तो सोडायचं कारणच नाही. आणखी एक, एकाच नंबरचं खातं मुख्य फोनशिवाय आणखी चार यंत्रांवर जोडता येतं. म्हणजे नंबर काकूंचाच, पण हंगामात सुनेला संगणकावरून उत्तरं देता येतात. कोणती यंत्रं जोडलेली आहेत ते मधूनमधून तपासा, अनोळखी दिसलं की काढून टाका. तुमचं काम संपलं की तुमचंही काढा.

भाषेबद्दल एवढंच. गिऱ्हाइकाने ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत उत्तर द्या. 'बघते', 'होऊन जाईल', 'एक-दोन दिवसांत' ही उत्तरं घरच्यांना चालतात, ज्याच्याकडे शुक्रवारी पाहुणे यायचे आहेत त्याला चालत नाहीत. 'गुरुवारी संध्याकाळी 6 ला तयार असेल' असं लिहा. आणि जमणार नसेल तर 'नाही' लवकर कळवा. आपल्या घरांत नाही म्हणायचा संकोच फार, पण ऐनवेळच्या दिलगिरीपेक्षा वेळेवरचा नकार गिऱ्हाईक जास्त लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वर्षी लवकर फोन करतं. ऑर्डरी भरल्या की साइटच्या पहिल्याच ओळीत लिहून टाका : 'यंदाच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या.'

गूगलवर कोणी वाईट लिहिलं तर पहिल्या दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहा : काय झालं, आणि आता काय करणार. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाच-पाच तारे देण्याची मोहीमही नको. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि एकाच आडनावाची आठ माणसं स्तुती करताना दिसली की वाचणारा हसतो.

पैसे आणि गिऱ्हाइकांची यादी

सणाच्या दिवसांत ठग अशाच घरांना गाठतात. "मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." काकूंना एकच वाक्य पाठ करायला लावा : पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला. पैसे आल्याचा समोरच्याने पाठवलेला फोटो म्हणजे पैसे नव्हेत, आपल्या बँकेच्या खात्यात दिसले तरच आले. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच 1930 ला फोन करायचा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. हा नंबरही त्या लिफाफ्यावर लिहा.

गिऱ्हाइकांचे नंबर ही काकूंची खरी पुंजी आहे. ते एका वहीत किंवा साध्या तक्त्यात वेगळे उतरवून ठेवा, फोनच्या भरवशावर सोडू नका. पण त्या सगळ्यांना न विचारता एका ग्रुपमध्ये कोंबू नका. तिथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि कोणाला ते आवडत नाही. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत 256 जण मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून डबा देताना विचारायचं, "आमचा नंबर सेव्ह केलात ना?" वर्षातून दोन-तीनच मेसेज पाठवा. रोज सुप्रभात पाठवणाऱ्याच्या भावपत्रकाकडे कोणी बघत नाही.

आठ दिवसांची परीक्षा

साइट झाली, लिफाफा झाला, आता शेवटचं काम. आठ दिवस तुम्ही काहीही करायचं नाही. काकूंनी स्वतः तीन गोष्टी करून दाखवायच्या : एका पदार्थाचा भाव बदलणं, नकाशावर सुट्टीचा दिवस टाकणं आणि एक नवा फोटो चढवणं. त्या अडल्या तर फोन हातातून ओढून घेऊ नका. त्या कुठे अडल्या ते बघा आणि तेवढं सोपं करा. पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरात, एका कागदावर लिहा आणि तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लावा. काकूंना जमत नसेल तर साइट अवघड झाली आहे असं समजा. एखादं फिरतं चित्र, एखादा रंगीत साचा कमी करा, आणि पुन्हा आठ दिवस द्या.

तुमच्या आईने किंवा काकूने हे नाव कमवायला वीस-पंचवीस वर्षं पहाटे उठून कढईसमोर काढली आहेत. त्यांनी ते विश्वासाने तुमच्या हातात दिलं आहे. उद्या तुम्ही टोरांटोत असाल आणि इथे धनत्रयोदशीला सकाळी अचानक काही बंद पडलं, तर त्यांनी तुमच्या रात्रीच्या वेळेत फोन करावा की कपाटातला लिफाफा उघडावा, हे आत्ताच ठरतंय.

नवरात्र बसायच्या आधी हे उरकून टाका. आधी नाव कोणाच्या ईमेलवर आहे ते तपासा, मग मुदत, मग लिफाफा. बाकीचं फराळाचं तेल तापेपर्यंतही होईल. पुढच्या अंकात छोट्या व्यवसायाची पावती आणि उधारी यांबद्दल बोलू. उधारीबद्दल सांगण्यासारखं तुमच्याही घरात असेलच, तोवर काकूंना विचारून ठेवा.